खालच्या थराचा मास्तर

ठाण्यापलीकडच्या दिव्यात प्रफुल्ल मढवीला कोण ओळखत नाही? बापजाद्यांची भातशेती होती, तिच्यावर आता चाळी आणि इमारती उभ्या आहेत. भाडं येतं, आणि संध्याकाळी हा गडी स्वतःच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पोरांना कुंग फू शिकवतो. फुकट. मी पाण्यासाठी मोर्चे काढणारा माणूस, घरमालकांबद्दल बरं लिहायची मला सवय नाही. पण भाडेकरूंच्या पोरींना ह्याने असं तयार केलं की स्टेशनात त्यांच्या वाटेला जायची कोणाची टाप उरली नाही. खरं ते खरं.

त्याला वेड एकच. चीनला जाऊन शिकायचं. तरुणपणी शहाडच्या एका कारखान्यात एक सुपरवायझर होता, त्याच्याकडे हा शिकायचा. सुपरवायझर अर्धं शिकवून सुरतेला निघून गेला, उरलेलं प्रफुल्लने सीडी बघून भरलं. चीन मात्र राहिलं. आधी जमिनीची कोर्टकचेरी, मग बहिणींची लग्नं, मग बांधकामं. बायको कल्पिता चारचौघांत बोलते, "आमच्याकडे दोन पासपोर्ट कोरेच म्हातारे झाले. आता तिसरा काढलाय!"

आणि चीनला निघाली कोण? शिवानी कदम. त्याच्याच चाळीतला भाडेकरू विठ्ठल, त्याची पोरगी. मूळ गुहागरकडची माणसं. शाळेत होती तेव्हापासून प्रफुल्लच्या हाताखाली तयार झालेली. स्पर्धेतला तिचा व्हिडिओ हेनान प्रांतातल्या एका खेडेगावातल्या सिफूंनी, म्हणजे तिकडच्या गुरुजींनी पाहिला आणि तिला राहण्याजेवणासकट बोलावलं. अट एकच, त्यांच्या घराण्याची जुनी. पहिल्या गुरूने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की ही माझी शिष्या, तुमच्या हवाली करतो. त्याशिवाय ते कोणाला घेत नाहीत.

म्हणजे पोरीचं जाणं प्रफुल्लच्या जिभेवर आलं. आणि ती जीभ वळेना.

व्हिडिओ कॉल ठरला की कधी घरात पूजा, कधी नेटवर्क नाय. वर्गात शिवानीला मागे उभी केली आणि ज्याचा पाय कमरेपर्यंत जात नाही त्या हर्षितला पुढे. तिचा पासपोर्ट मागून घेतला, उलटसुलट केला आणि बोलला, "फोटो ठीक हाय. माझा जास्त चांगला आलेला."

विठ्ठल माझ्याकडे आला. "साहेब, तुम्ही बोला ना. ते मालक, मी काय तोंड उघडणार?"

मी गेलो, आणि मला गोड बोलता येत नाही.

"जळतोस तू, प्रफुल्ल."

"जळतो. मंग? मी हे स्वप्न बघायला लागलो तेव्हा ही पोरगी जन्माला पण नव्हती."

"मग जा ना तू पण! कोणी अडवलंय?"

"आता? आता जाऊन तिच्या मागे उभा राहू? तिला विचारू, शिवानी, हात असाच ठेवायचा काय गं?"

 मी त्याच्या दारातच बसून राहिलो आणि रविवारचा कॉल कबूल करून घेतला. दारात बसायचा मला सराव आहे.

रविवारी सकाळी सगळा वर्ग गच्चीवर. पाण्याच्या टाकीला फोन टेकवून ठेवला. पलीकडे सुती कोटातले म्हातारे सिफू. त्यांची पुतणी इंग्रजीत सांगायची, शिवानी मराठीत. सिफूंनी आधी पोरीला घोडा दाखवायला सांगितला. घोडा म्हणजे गुडघे वाकवून, मांड घातल्यासारखं उभं राहणं. सगळं शिक्षण त्यावर चालतं. शिवानी उभी राहिली. सिफू स्क्रीनजवळ सरकले.

"ते विचारतायत," शिवानी म्हणाली, "पावलं बाहेर का, मान खाली का. खांद्यांवर कोणी चढलेलं असल्यासारखी का उभी आहेस?"

 ते उभं राहणं आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं निघालं. प्रफुल्ल कितीतरी वर्षं गोविंदा. टेंभी नाक्याच्या हंडीला कायम खालच्या थरात. पावलं बाहेर फाकवायची, मान आत घ्यायची, खांदे वर. सुपरवायझरने शिकवलं नाही आणि सीडीत दिसलं नाही ते त्याने तिथून उचललं. इतकी वर्षं आमची पोरं चिनी घोडा समजून दहीहंडीचा खालचा थर लावत होती.

प्रफुल्लचा चेहरा काळाठिक्कर पडला. "सांग त्यांना, मी असं शिकवलेलं नाय. हिचीच खोड हाय. कितीदा सांगितलं, ऐकत नाय."

शिवानीने त्याच्याकडे पाहिलं. मग इंग्रजीत तेच सांगितलं, जसंच्या तसं. तेवढं इंग्रजी मला कळतं, त्यालाही कळतं.

सिफू थोडकंच बोलले. तेही तिने सांगितलं. "जी पहिल्या गुरूचं ऐकत नाही तिला ते घेत नाहीत. वेळ दिल्याबद्दल धन्यवाद म्हणाले."

"अरे नालायका!" मी उठलोच.

"काका, थांबा." आवाज चढला नाही तिचा. प्रफुल्लला म्हणाली, "सर, कट करू?"

त्याला हवं होतं ते झालं होतं. चीनला कोणीच जाणार नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तिचा अंगठा फोनकडे गेला.

"थांब," प्रफुल्ल बोलला. "सांग, मी खोटं बोललो. मीच शिकवलंय तसं." ती सांगत असतानाच पुढे म्हणाला, "आणि हे पण सांग, आमच्याकडे असं उभं राहिलं की वर माणसं चढतात आणि खालचा हलत नाय."

सिफू त्याला म्हणाले, तुम्ही उभे राहा.

राहिला. सगळ्या वर्गासमोर. तिकडून बोटाच्या इशाऱ्यावर पावलं सरळ झाली, खांदे उतरले, मान वर आली. ज्याला आजवर कोणी चूक दाखवली नव्हती त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. शेवटी टाकीला हात टेकला त्याने. कोणी हसलं नाही.

"आता ते वाक्य," पुतणीने आठवण करून दिली.

"घेऊन जा हिला."

"पूर्ण लागतं, सर," शिवानी म्हणाली.

"ही माझी शिष्या." 'माझी'वर जोर दिला, मग चुळबुळला. "तुमच्या हवाली करतो."

सिफूंनी मान डोलावली, काहीतरी बोलले, फोन बंद झाला.

"काय बोलले?"

"पोरीचे पाय मजबूत आहेत म्हणाले. वसंत ऋतूत ये."

"आणि माझं? माझ्याबद्दल काय बोलले?"

शिवानी खोटं बोलू शकली असती. तपासायला कोण जाणार होतं?

"काही नाही, सर."

ती पाया पडायला वाकली तर त्याने पाय मागे घेतले. "त्या सिफूच्या पड आता," म्हणाला आणि चपला तिथेच विसरून जिना उतरून गेला.