अक्काचा खोलगट तळहात

आई गेल्यावर घरातल्या देवांशी माझं फारसं बोलणं उरलं नव्हतं. मी औरंगाबादला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत सेलूला आले की देवघरासमोरून जाताना मान किंचित झुकवायची, एवढीच आमची ओळख. पूजा अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आली होती. ती आटोपली की माझी थोरली बहीण अक्का उंबऱ्याशी येऊन बसे आणि उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे धरी. अण्णा मंत्र म्हणत तीन पळ्या तीर्थ देत. ती ते सुर्रकन पिई, ओला हात डोक्यावरून फिरवी आणि मगच चहाला तोंड लावी. अक्का तेव्हा सव्वीस वर्षांची होती, पण तिची समज चार-पाच वर्षांच्या मुलाएवढी. तिच्याजवळ शब्द असतील वीसेक. बाकीचं सगळं ती हातांनी आणि ठरलेल्या सवयींनी बोलायची. ते तीर्थ म्हणजे अण्णांनी तिच्या समाधानासाठी चालवलेला खेळ आहे, असंच मला वाटायचं.

ती विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती. गावात माणसं समोरच्याचं आडनाव आठवून मग तोंड उघडत. अशाच एका उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि गॅस्ट्रोची साथ आली. दवाखान्यात जागा पुरेना, म्हणून सुट्टीत बंद असलेल्या एका शाळेत तात्पुरता वॉर्ड उघडला. अण्णा आणि अक्का एकाच दुपारी आजारी पडले. अण्णांना पुरुषांच्या खोलीत ठेवलं, अक्काला बायकांच्या. मला खोलीच्या दारातच थांबवलं. साथीच्या वॉर्डात नातेवाइकांना मनाई होती. नियम सगळ्यांना सारखा होता, आणि तिथेच तो चुकत होता. बाकीच्या बायका पाणी मागू शकत होत्या.

मी खोलीच्या मागे जाऊन खिडकीच्या गजांशी उभी राहिले. अक्काला दोनदा सलाईन लावलं, दोन्ही वेळा तिनं सुई उपटून टाकली. जलसंजीवनीचा पेला तोंडाला लावला तर तिनं तो उडवून दिला. सिस्टर दमली होती. "आता उद्या हात बांधूनच सलाईन लावावं लागेल," ती मला म्हणाली. आवारात बसलेल्या गर्दीतून एक म्हातारा मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलला, "शहान्या मानसाला कॉट भेटंना, अन् येडीला दिली."

चारचौघांत माझा आवाज फुटत नसे. घरी जाऊन डॉक्टरांच्या नावानं पानभर अर्ज लिहिला, की माझ्या बहिणीला सोबतीची गरज आहे आणि ती मिळणं हा तिच्या उपचाराचाच भाग आहे. तो इंग्रजीत लिहिला. सकाळी सिस्टरच्या हाती दिला. थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं, तर माझा अर्ज जलसंजीवनीच्या जगवर झाकण म्हणून ठेवलेला होता.

अक्काचे ओठ सुकून पांढरे पडले होते, डोळे खोल गेले होते. येईल-जाईल त्याच्यापुढे ती हात करत होती. सिस्टर गेली, हात पुढे. झाडूवाली गेली, हात पुढे. शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, "काय माय, हितं बी भीक मागायलीस का?" दोघीतिघी त्या अवस्थेतही हसल्या. आणि माझी लाज अशी, की मलाही क्षणभर तसंच दिसलं. मी तोंड फिरवलं. देवाजवळ काही मागायची मला सवय नव्हती. त्या वेळी गजांना कपाळ टेकवून एवढंच मनात म्हणाले, की तू असशील तर हिची भाषा कुणाला तरी कळू दे.

मी डोळे उघडले तेव्हा वॉर्डातल्या आयामावशी खिडकीशी आल्या होत्या. ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेल्या. "बाई, तुमची बहीन हात असा का करायलीय? पैशे दिले तर फेकून दिले तिनं. मागनाराचा हात असा नसतो. ह्यात काहीतरी वतायचं असतंय."

तेव्हा मला तो हात दिसला. तर्जनी दुमडलेली, तळवा खोलगट. सकाळची वेळ होती. अक्का कालपासून पाणीच मागत होती, तिला येत होतं त्या एकाच रीतीनं.

"तीर्थ," मी म्हणाले. "तिला तीर्थ हवंय. चमच्यानं तळहातावर द्या, ती पिईल."

मावशी माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "आमच्यात तीर्थ न्हाई. देव बी आमी सोडलेत. मला मंत्र येत न्हाई. अन् माझ्या हातचं चालंल का तुमाला?"

'चालेल' हा शब्द माझ्या ओठांवर आला आणि तिथेच थांबला. तो म्हणायचा अधिकार मला कुणी दिला होता? "द्या मावशी," मी म्हणाले. "मंत्र मी म्हणते."

आणि अण्णांच्या तोंडून ऐकून पाठ झालेला मंत्र मी म्हटला. शाळेत वर्गात उभं राहून कविता म्हणताना जी पुस्तकाआड तोंड लपवी, ती मी भर आवारात, खिडकीच्या गजांतून, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. अक्कानं मान वळवली. मावशींनी चमचा तळहातावर रिता केला. सुर्र. दुसरा. तिसरा. मग अक्कानं ओला हात डोक्यावरून फिरवला आणि मिटून घेतला. तीर्थ तीनच वेळा घ्यायचं असतं.

"झालं की ओ!" मावशी म्हणाल्या. "अन् एवढा जग कोन पिनार?" मग स्वतःच विचार करून म्हणाल्या, "तुमचे देव किती हायत?"

"तेहतीस कोटी म्हणतात."

"मग कशाला भ्यायचं? जग संपंल, देव संपायचे न्हाईत. घ्या दुसऱ्याचं नाव."

मी पोखर्णीच्या नृसिंहाचं नाव घेतलं. अक्कानं हात उघडला. मग औंढ्याचा नागनाथ, मग मुद्गलचा महादेव, मग आमच्या गल्लीतला मारुती. दर देवाला तीन चमचे. मी अडखळले की आवारातली माणसं देव सुचवू लागली. कालचा तो म्हातारा उठून खिडकीजवळ आला आणि ओशाळून म्हणाला, "आमच्या खंडोबाचं बी घ्या की, पोरी." त्याचंही घेतलं. दुपार कलेपर्यंत अर्ध्याहून जास्त जग रिकामा झाला होता. माझा घसा बसला, देवही आठवेनात. मी म्हणाले, "मावशी, आता तुम्ही एक नाव घ्या."

"सांगितलं न्हाई का, आमच्यात देव न्हाई." त्यांनी चमचा भरून घेतला. "माझ्या मायचं घेते. कोंडाबाई. लय तहानेली हिंडली ती, दुसऱ्याच्या आडापशी." त्यांनी चमचा अक्काच्या तळहातावर उपडा केला. "घे बाई, कोंडाबाईच्या नावानं." अक्कानं तिन्ही चमचे घेतले आणि हात डोक्यावरून फिरवला, अगदी नृसिंहाच्या वेळी फिरवला तसाच.

डॉक्टर फेरीवर आले तेव्हा हे चाललेलंच होतं. त्यांनी अक्काची नाडी पाहिली, त्वचा चिमटीत धरून पाहिली आणि जगवरचा कागद उचलून वाचला. "अर्ज तुमचा? मराठीत का नाही लिहिला?"

"मराठीत मला फक्त विनंती करता येते," मी म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं.

ते हसले. त्याच कागदाच्या मागे त्यांनी लिहिलं, 'बहिणीस रुग्णाजवळ राहू द्यावे. हात बांधू नयेत.' मग खाली आणखी एक ओळ लिहिली, 'तीर्थ चालू ठेवावे.' संध्याकाळच्या आत मी कॉटशेजारी बसले होते. चौथ्या दिवशी अक्का आणि अण्णा दोघंही घरी आले.

याला चमत्कार म्हणावं का, हे मी कुणाशी बोलत नाही. मावशींना एक प्रश्न पडला आणि तो विचारायला त्या खिडकीशी आल्या, इतकंच घडलं. पण त्या आल्या त्याच्या आधीच्या क्षणी मी काय मागितलं होतं, ते मला ठाऊक आहे. शरण जाणं मी शिकले ते अक्काकडून. आदल्या दुपारपासून तिचा हात कुणाला कळला नाही, लोक हसले, मी तोंड फिरवलं, तरी तिनं तो मागे घेतला नाही. देणारा कोण, कुठला, हे तिनं पाहिलं नाही. आपल्याला मिळायचंच आहे, अशा खात्रीनं तो हात पसरलेला होता. देवाजवळ आणि माणसांजवळ हात पसरायचा तो असा, हे मला तिथे उमगलं.

आता सकाळचं तीर्थ मी देते. तीन पळ्या होतात, अक्का ओला हात डोक्यावरून फिरवते, आणि पुन्हा पुढे करून माझ्याकडे बघत राहते. मावशी मधूनअधून घरी येतात. पहिल्यांदा त्यांनी हे पाहिलं तेव्हा मला विचारलं, "आता हिला आनखी कुनाचं पायजे?"

मी काही सांगायच्या आत अक्काच म्हणाली. तिचा तो एकविसावा शब्द आहे.

"कोंडाबाई."