माशाला गोचीड

हिंगोली जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचे आणि जीवशास्त्रातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा ठाम समज होता. त्या साली मी मायला पुसेगावहून घरी आणलं. आणलं कसलं, जीपमध्ये कोंबलं. वडील गेले होते, बैलजोडी विकली होती, तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यालाही धूसर दिसायचं. अशात ती अंगणात पडली. सकाळी पडलेली बाई शेजारणीला दिसली दुपारी. मी तिची एकुलती एक. पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे मायच्या अंगावर काटा. दर दोन दिवसांनी विचारायची, "मला गावाकडं कवा सोडतीस?"

"आणि तिकडं पुन्हा पडलीस म्हणजे?"

"पडंन. माझ्या अंगणात पडंन, तुझं काय जातंय?"

आता या बाईशी काय बोलावं, कप्पाळ!

तिला आमच्याकडे धरून ठेवलं ते एका माशानं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नांदेडहून मोठ्या हौसेनं काचेची टाकी आणली होती. त्यातले बाकीचे मासे एकेक करून गेले, एक तळहाताएवढा लालबुंद गोल्डफिश तेवढा तगला. माय आली तेव्हा पहिले दोन दिवस तिनं टाकीकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येते तर ही स्टुलावर बसलेली, हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि मासा तिच्या तळहाताला तोंड लावून कणकेची गोळी खातोय. मी बघतच राहिले. माझ्या हाताजवळ तो कधी फिरकला नव्हता.

"जनावर हाय बाई," माय म्हणाली, "हाताला येतंच."

त्यानंतर तिचं गावाला जायचं टुमणं जरा कमी झालं.

आणि मग मी माती खाल्ली. शाळेची सहल सिद्धेश्वर धरणावर गेली होती. तिथल्या उथळ पाण्यातलं हिरवंगार पाणगवत मी पिशवीभर उपटून आणलं आणि टाकीत लावलं. माशाला नैसर्गिक वातावरण मिळावं म्हणून, बरं का! आठ-पंधरा दिवसांत मासा दगडाला अंग घासायला लागला. मध्येच सटकन उडायचा, पर मिटून कोपऱ्यात बसायचा. अंगावर बारीक ठिपके दिसले. मी लगेच निदान केलं, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. नांदेडहून निळं औषध मागवलं, थेंब मोजून टाकले. पाणी गर्द निळं झालं, मासा होता तसाच.

"आता शाईत बुडवून मारतीस का त्याला?" माय म्हणाली. मासा तिच्या हाताशी यायचा थांबला होता. कणकेची गोळी पाण्यात विरघळून जायची. एक दिवस ती शांतपणे बोलली, "हे गेलं का मी बी जाते. मग मला आडवू नको." ती रागावून बोलली असती तर मी भांडले असते.

त्याच दिवशी तिनं मला टबमध्ये स्वच्छ पाणी भरायला लावलं, मासा त्यात सोडायला लावला आणि ओल्या हातानं त्याला अलगद धरलं. डोळे भिंतीकडे. अंगठा डोक्यापासून शेपटीकडे फिरवत गेली, अगदी बैलाच्या मानेवरून फिरवायची तसा. एका पराखाली अंगठा थांबला.

"गोचीड हाय."

मला हसू आलं. "अगं माय, माशाला कुठं गोचीड असते का?"

तिनं दोन नखांत काहीतरी धरून उपटलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "मंग हे काय हाय, मास्तरीणबाई?"

मी शाळेतलं भिंग आणलेलं होतं. बशीत पाणी घेऊन त्यात ते टाकलं आणि वाकून पाहिलं. अगं बाई गं! मसुराच्या डाळीएवढी एक चपटी चकती, काचेसारखी आरपार. दोन काळेभोर डोळे. खाली चिकटून बसायला दोन गोल वाट्या. पाय तर एकसारखे वल्हवत होते, आणि त्या पारदर्शक अंगात काहीतरी धडधडत होतं. ती उवेसारखी चीज बशीभर गरागरा पोहत होती. बारा वर्षं मी फळ्यावर परजीवी प्राण्यांची चित्रं काढत आले होते, पण एकालाही जिवंत पाहिलं नव्हतं. मला किळस यायला हवी होती. मला मात्र ते इतकं सुंदर वाटलं की मी ह्यांना हाक मारून दाखवलं. आणि त्याहून जास्त नवल मायच्या बोटांचं वाटलं. माझ्या चांगल्या डोळ्यांना ठिपके दिसले होते, न बघता तिनं जीव ओळखला. एकूण अकरा काढल्या तिनं, वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकल्या.

इथं थांबली असती तर. पण बैलाच्या गोचिडी काढल्या की त्याच्या अंगाला तंबाखूचं पाणी चोळायचं, ही तिची आयुष्यभराची रीत. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची शाळा होती. हिनं तंबाखू उकळली, गाळली आणि तांब्याभर पाणी टाकीत ओतलं. माशाला तिनं आदल्या संध्याकाळीच परत टाकीत सोडायला लावलं होतं. मी दारात पाय ठेवला तो तिचा आवाज आला, "बाई, धाव! माझ्या हातानं मारलं मी त्याला!"

मासा पोट वर करून तरंगत होता. कल्ले बंद. मी बादलीत साधं पाणी भरलं, त्याला त्यात टाकलं. पुस्तकात वाचलेलं एकच आठवलं, कल्ल्यांतून पाणी फिरलं पाहिजे. मायला सांगितलं, तोंड पुढं धरून हळूहळू पाण्यात फिरव. ती उकिडवी बसली आणि फिरवत राहिली. मी पाणी बदलायची, ती फिरवायची. ऊन अंगणातून ओसरीवर आलं. मी म्हटलं, "माय, सोड आता." तिनं ऐकलं नाही. आणि मग तो कल्ला एकदा उघडला. मिटला. बऱ्याच वेळानं पुन्हा उघडला. आम्ही दोघी श्वास रोखून त्या एवढ्याशा झाकणाकडे बघत होतो, म्हणजे मी बघत होते, तिला तो बोटाला कळत होता. देवाशप्पथ सांगते, जीव परत येताना मी तेव्हाच पाहिला.

मासा टबमध्ये राहिला, खडेमिठाच्या पाण्यात. रिकाम्या टाकीपाशी माय म्हणाली, "गोचीड बैलावर दिसती, पर ऱ्हाती गोठ्यात. भिंतीच्या फटी बघ." मी काचेवर भिंग धरलं. काचेवर अंड्यांच्या ओळी चिकटवलेल्या होत्या, एकेक अंडं जिथल्या तिथं, काहींत डोळ्यांचे काळे ठिपके. म्हणजे आम्ही अकरा काढून खूश झालो होतो, आणि इथं शेकडो तयार होत होत्या! पाणगवत जाळलं, खडे उकळले, काच खरवडून टाकी आठ दिवस गच्चीवर चैत्राच्या उन्हात तापवली.

मासा बरा झाला. पण तंबाखूच्या दिवसापासून मायचा हात पाण्यात शिरला की दूर पळायचा. "बराबर हाय त्याचं," ती म्हणायची. तरी रोज हात बुडवून बसायची, बोटं सुरकुतेपर्यंत. मग म्हणाली, "ते बरं झालं. आता माझं इथं काय काम?" मला वाटलं, झालं, आता ही जाते. मासा वाचवून मी माय घालवली.

टाकी पुन्हा भरल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी तिच्या मागे उभी होते. तिचा हात पाण्यात निश्चल. मासा लांबून आला, थांबला, वळला, पुन्हा आला आणि त्यानं तिच्या बोटाला तोंड लावलं. माय हलली नाही. हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"गावचं घर कुणाला तरी ऱ्हायला देऊन टाक. रिकामं ठेवलं का घुशी लागत्यात."

मी "बरं" म्हटलं, स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात धरून रडले.