आठवड्यातून किती दिवस, मेश्राम साहेब?

"मॅडम, हॉलची एक चावी मले देऊन ठेवा ना," मेश्राम म्हणाले.

क्लास नुकताच संपला होता. पोरं मॅटवर लोळत होती, पालक दारात आपापल्या पोरांच्या चपला शोधत होते आणि मेश्राम घामानं निथळत माझ्यासमोर उभे होते.

"चावी कशाला?"

"सकाळी येत जाईन. ड्युटीच्या आधी, तासभर."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी तर येऊनच राहिलो."

खरं होतं. सोमवार ते शनिवार, एकही संध्याकाळ त्यांनी सोडली नव्हती. चावी समाजभवनाच्या कमिटीकडे असते, असं मी सांगितलं. ती माझ्या पर्समध्ये होती.

मी जुडो शिकवते. शाळेत पी.टी. टीचर होते तेव्हापासून. शाळेतून रिटायर झाले, मॅटवरून अजून नाही. कोराडी रोडवरच्या एका समाजभवनाच्या हॉलमध्ये माझा क्लास भरतो. नवीन माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आठवड्यातून किती दिवस यायचं? माझं उत्तरही ठरलेलं. एक दिवस आलात तर मागच्या वेळी काय शिकलो ते आठवण्यातच वेळ जाईल. दोन दिवसांत आहे ते टिकेल. तीन दिवस आलात तर पुढे सरकाल. त्याहून जास्त ज्यांना झेपतं ती पोरं वेगळी. ती खातात, झोपतात आणि जुडो खेळतात. त्यांना नोकरी नसते आणि गुडघे नवे असतात.

मेश्राम कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनीअर. चाळिशी ओलांडलेली. शिफ्ट ड्युटी नाही, पण सकाळी लवकर जायचं आणि दिवसभर प्लांटमध्ये जिने चढायचे. त्यांची मुलगी समीक्षा सहावीत. आधी ती एकटीच शिकायची. मेश्राम स्कूटरवरून तिला आणायचे आणि बाहेर बसून मोबाइल बघायचे. एक दिवस मीच म्हटलं, बसून काय राहता, ड्रेस घाला. तिथून सगळं सुरू झालं.

जुडोत बेल्टचा रंग तुमची पायरी सांगतो. आधी पांढरा, मग पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि शेवटी काळा. क्लासच्या सुरुवातीला सगळे बेल्टप्रमाणे एका रांगेत बसतात. समीक्षा हिरवी, म्हणून रांगेच्या वरच्या टोकाला. मेश्राम पिवळे, म्हणून खालच्या टोकाला, तिसरीतल्या दोन पोरांच्या शेजारी. ती पोरं त्यांना 'मेश्राम अंकल, तुमची मांडी नीट घाला' असं सांगायची आणि ते घालायचे.

नारिंगी बेल्टच्या परीक्षेत ते नापास झाले. ओ-गोशी म्हणजे समोरच्याला कमरेवर घेऊन फेकायचं. मेश्राम कमरेवर घ्यायचे आणि तिथेच अडकायचे. परीक्षकांनी हसू दाबून 'पुन्हा या' म्हटलं. त्या दिवसापासून मेश्राम रोज यायला लागले.

रोज येऊन ते सुधारतील असं त्यांना वाटलं. झालं उलटंच. ताजा माणूस कमरेनं फेकतो, थकलेला माणूस हातांनी. मेश्राम आता नुसते हातांनी ओढत होते. पाय उशिरा पोचायचे. समोरच्याची कॉलर पकडली की बोटं आपोआप सुटायची. एकदा मी पकड समजावून सांगत असताना ते उभ्या उभ्या पेंगले.

मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं.

"मेश्राम साहेब, तुमचं युनिट तुम्ही वर्षभर चालूच ठेवता का?"

"नाही. ओव्हरहॉलले बंद करतो."

"काहून?"

"नाही केलं तर केव्हाही ट्रिप होऊन बंद पडेल ना, मॅडम."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच नापास झाले होते. "मॅडम, ते मशीन आहे," ते म्हणाले.

मी त्यांना रँडोरीतून, म्हणजे मोकळ्या झुंजीच्या सरावातून, बाहेर बसवायला लागले. ते बाहेर बसून दोरीच्या उड्या मारायचे.

मग एका सोमवारी बागडे सरांचा फोन आला. बागडे सर कन्हानला क्लास चालवतात. आम्ही दोघं एकाच काळात राज्य पातळीवर खेळलो. तेव्हापासून त्यांना माझ्यापुढे फुशारकी मारायची सवय आहे.

"ताई, हिरा सापडला," ते म्हणाले. "चाळिशीतला माणूस. दोन रविवार येऊन राहिला. कोरा पांढरा बेल्ट. पण कॉलेजच्या पोरांले असा पाडून राहिला का विचारू नका. म्हणते, याच्या आधी कधी मॅटवर पाय ठेवला नाही. ताई, याला म्हणतात उपजत टॅलेंट."

"कुठून येतो?"

"कोराडीहून."

"सर, त्यानं तुमच्याकडे हॉलची चावी मागितली का?"

बागडे सर हळूच म्हणाले, "तुम्हाले कसं माहीत?"

मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की फोन हातातून पडला असावा, कारण मध्येच खणकन आवाज आला. माझ्या क्लासला रविवारी सुट्टी. तो दिवस मेश्रामांनी कन्हानला नेला होता. वर पिवळा बेल्ट घरी ठेवून पांढरा बांधला होता, म्हणजे समोर नवखेच यावेत आणि पडावेत. आठवडाभर माझ्याकडे आपटी खायची, रविवारी तिकडे जाऊन हिशेब फेडायचा.

"त्याले हाकलू का?" बागडे सरांनी विचारलं.

"अजिबात नाही. पुढच्या रविवारी आपण जॉइंट प्रॅक्टिस ठेवू. मी पोरं घेऊन येते. तुम्ही त्याला काही बोलू नका."

शनिवारी मी पोरांना सांगितलं, उद्या कन्हानला जायचं आहे. मेश्राम त्या वेळी कपडे बदलत होते, मुद्दामच ती वेळ निवडली. समीक्षाला म्हटलं, "बाबांना सांगू नकोस, सरप्राइज आहे. आईला विचारून ये."

ती म्हणाली, "बाबा तसेही नसतील. रविवारी त्यांची ड्युटी राहते."

बागडे सरांच्या हॉलमध्ये आम्ही शिरलो तेव्हा मेश्राम मॅटच्या मधोमध होते. समोर बँकेतला एक क्लार्क होता, महिनाभरापूर्वीच शिकायला लागलेला, बिचारा आधीच डोळे मिटून पडायच्या तयारीत. मेश्रामांनी त्याला पकडलं, वळले, कमरेवर घेतलं आणि समोर दारात समीक्षा दिसली.

ते तसेच थिजले. क्लार्क दोन क्षण त्यांच्या पाठीवर लटकला. मग त्यालाच काहीतरी करावंसं वाटलं असावं. त्यानं पाय खाली टेकवला, जरा ढकललं आणि मेश्राम धाडकन तोंडावर आले. क्लार्कला आपण काय केलं ते कळलं नाही. तो सॉरी म्हणत राहिला.

समीक्षा मॅटच्या कडेला गेली, रीतसर वाकून नमस्कार केला आणि मगच बोलली.

"बाबा, तुमचा बेल्ट?"

"धुवायले टाकला," मेश्राम झोपल्या झोपल्या म्हणाले.

जुडोत बेल्ट कोणी धूत नाही, हे तिला दुसरीपासून माहीत होतं.

"आईले तुम्ही ड्युटी सांगितली."

"ही पण एक प्रकारची ड्युटीच आहे, बेटा."

बागडे सर खांबाआड तोंड लपवून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

प्रॅक्टिस झाल्यावर मी मेश्रामांना समोरच्या टपरीवर चहाला नेलं. चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवलं होतं. पण त्यांना कप एका हातानं उचलता येईना, त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला. बोटांची पकड पूर्ण गेली होती. मी आवाज खाली आणला.

"एवढी कशाची घाई आहे, मेश्राम साहेब? नारिंगी बेल्ट आज मिळाला काय, सहा महिन्यांनी मिळाला काय. ऑफिसात कोण विचारणार आहे?"

ते रस्त्यावरच्या कोळशाच्या ट्रककडे बघत बोलले.

"मॅडम, निळ्या बेल्टची पोरं तुम्ही सकाळच्या बॅचले नेता. स्पर्धेवाल्या."

"हो."

"समीक्षा आता निळी होईल. मंग तिची बॅच वेगळी, माझी वेगळी. क्लासहून येताना स्कूटरवर ती शाळेतलं सगळं सांगते. घरी नाही सांगत, स्कूटरवरच सांगते. ते बंद होईल ना. मले वाटलं, तीन बेल्ट लवकर उरकले तर तिच्यासंगच सकाळी जाता येईल."

मी त्यांना इतके दिवस हट्टी समजत होते. मुलीच्या खाली बसावं लागतं म्हणून दुखावलेला बाप, असा माझा हिशेब होता. तो साफ चुकला होता.

"बाबा," मागून आवाज आला. समीक्षा केव्हाची येऊन उभी होती. "तुम्ही मंगळवारी आणि गुरुवारी मले गणित शिकवत होते. आता आई शिकवते. आईचं गणित वेगळंच आहे."

"हाव, पण..."

"आणि मी सकाळच्या बॅचले गेली, तर मले सोडून कोण देईल? मी स्कूटर चालवते का?"

हा मुद्दा मेश्रामांच्या लक्षातच आला नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही आला नव्हता. एवढ्या मोठ्या वीज केंद्राचं युनिट सांभाळणारा माणूस आणि एवढी वर्षं क्लास चालवणारी मी, आम्ही दोघं एका सहावीतल्या मुलीकडे बघत बसलो.

तिथेच टपरीवर तह झाला. पंधरा दिवस पूर्ण बंद. त्यानंतर सोमवार, बुधवार, शुक्रवार. मंगळवारी आणि गुरुवारी गणित. कन्हान बंद. बदल्यात समीक्षा आईला काही सांगणार नव्हती. "पण आईनं विचारलं तर खोटं नाही बोलणार," तिनं आधीच स्पष्ट केलं. आईनं त्याच संध्याकाळी विचारलं, हे मला नंतर कळलं. घरी काय झालं ते मेश्रामांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या पंधरा दिवसांत त्यांचे मला तीन फोन आले. गादीवर पडायचा सराव केला तर चालेल का? नाही. नुसती पकड, पडदा धरून? नाही. मनातल्या मनात? मनातल्या मनात करा.

सोळाव्या दिवशी ते आले. मी त्यांच्यासमोर एक दणकट कॉलेजवाला उभा केला. मेश्राम वळले, कंबर खाली गेली आणि पोरगा हवेतून गोल फिरून मॅटवर आला. स्वच्छ, हातांचा जोर न लावता. शरीरानं जे आधीच शिकून ठेवलं होतं, ते करायला त्याला आता ताकद मिळाली होती. मेश्राम स्वतःच दचकले.

"पाहिलं?" मी म्हटलं.

"हाव," ते विचार करून म्हणाले. "बागडे सरांची पद्धत चांगली आहे, मॅडम."

मी त्यांना वीस उड्या मारायला लावल्या.

पुढच्या परीक्षेत त्यांना नारिंगी बेल्ट मिळाला. समीक्षा त्याच परीक्षेत निळी झाली आणि सकाळच्या बॅचला गेली. मेश्राम तिला सोडायला येतात आणि बाकावर बसतात. सकाळी मॅटवर पाय ठेवायची त्यांना बंदी आहे. एकदा बूट काढताना मी त्यांना पकडलं, तेव्हापासून त्यांना बूट काढायचीही बंदी आहे. स्कूटरवरच्या गप्पा आता जाता-येता दोन्ही वेळा होतात, असं ऐकते.

या प्रकरणानंतर मी माझं जुनं उत्तर बदललं. तीन दिवस सांगितलं की उत्साही माणूस ते चार ऐकतो आणि पाच दिवस येतो. म्हणून हल्ली नवीन माणसाला मी दोनच दिवस सांगते. तो नाराज होतो, माझ्याशी भांडतो आणि बरोबर तीन दिवस येतो.