मनोहरभाऊंचा स्क्रूड्रायव्हर

नवा अल्बम ऐकायला बसताना मनोहरभाऊ आधी पायातल्या चपला काढायचे. अल्बम ब्लूज संगीताचा, अमेरिकेतल्या कुणा गिटारवाल्याचा, आणि ऐकणारे कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीतले आमचे मनोहरभाऊ! नवे अल्बम शुक्रवारी येत; त्या दिवशी पहिली पाळी सुटली की अंगावरची राख धुऊन ते स्पीकरसमोर डोळे मिटून बसत. शेवटचं गाणं संपेपर्यंत बोलणं नाही, चहा नाही. वहिनी मुकाट्याने कपावर बशी झाकून ठेवत.

वीज केंद्रात आम्ही दोघे टर्बाइनवर होतो. तिथे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवायचं आणि त्याची मूठ कानाशी धरायची, म्हणजे आतला बिघाड ऐकू येतो. मला नुसती घरघर ऐकू यायची. भाऊ म्हणत, "आवाज नोको ऐकू गा. आवाजाच्या आत का चालून राहिलं, ते ऐक."

त्यांनी गिटार कधी हातात धरली नव्हती. मी सहा वर्षं शिकत होतो. तरी गाणं ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते पाहून माझा जळफळाट व्हायचा. तीच गाणी, तोच स्पीकर. मग यांनाच जास्त काय मिळतं?

एकदा मी डाव टाकला. बाटलीची मान बोटात घालून, ती तारांवरून सरकवत गिटार वाजवणाऱ्या एका नव्या मुलीचा अल्बम येणार होता. मी रजा काढून सकाळपासून तो तीनदा ऐकला, जाणकारांनी काय लिहिलंय तेही पाठ केलं आणि दुपारी भाऊंचं ऐकून होताच त्यांच्याकडे जाऊन धडाधड बोलून टाकलं. भाऊंनी बशी बाजूला करून गार चहा प्यायला.

"वाचून आला का गा?"

माझे कान तापले.

"चवथ्या गाण्यात ते पोरगी घाबरून राहिली," ते म्हणाले. "सूर लावायच्या आधी तिचा हात कापते. तेच तर भारी आहे."

घरी येऊन मी ते गाणं चौथ्यांदा ऐकलं. हात खरंच कापत होता. आनंद व्हायचा, तर मी संध्याकाळभर बायकोवर चिडचिड केली.

पुढे वार्षिक तपासणीत भाऊंचे दोन्ही कान जवळजवळ गेल्याचं निघालं. टर्बाइनच्या आवाजात तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. खरं सांगतो, बातमी कळली त्या क्षणी मला बरं वाटलं. आता आपण पुढे, असं वाटलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

एका शुक्रवारी त्यांनी मला गिटार घेऊन बोलावलं. कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलेलं होतं.

"यातून गिटार म्हणजे पत्रा वाजून राहिला," ते मोठ्याने म्हणाले. मग चपला काढल्या, तोच स्क्रूड्रायव्हर माझ्या गिटारीच्या लाकडाला टेकवला आणि मूठ कानाशी धरली. "त्या पोरीचं चवथं गाणं वाजव."

ते मी कित्येक महिने चोरून घोटलं होतं. भाऊंसमोर मात्र मधेच बोटं अडखळली.

"इथं थांबला. काहून?"

"पुढचं विसरलो, भाऊ," मी त्यांना दिसेल असं मान हलवत ओरडलो.

"विसरला नाही गा, भ्याला. आज पहिल्यांदा खरं वाजवलं तू. थांबू नोको."

मी पुन्हा सुरुवात केली. भाऊंचे डोळे मिटले आणि चेहऱ्यावर तेच उमटलं. गिटार माझी, बोटं माझी, धड कानही माझेच. आणि आत काय चाललंय ते अजून त्यांनाच ऐकू येत होतं. वाजवता वाजवता मला त्यांचा इतका हेवा वाटला की डोळे भरून आले.