शांतवनकाकाजींचं क्रुसाचं गाणं

शांतवनकाकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या आमच्या चर्चमध्ये गाण्यांची तालीम घेत होतो. "दफनाच्या वेळी त्यांचं ते गाणं म्हणाल का?" त्यांच्या पुतण्यानं विचारलं. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मला ते येतच नाही... पंधरा वर्षं ऐकूनही.

काकाजी सडक अर्जुनीजवळच्या खेड्यातले, थोडी धानाची शेती असलेले. दर गुड फ्रायडेला बसनं यायचे आणि स्वतः रचलेलं गाणं डोळे मिटून म्हणायचे. क्रुसावर लेक, खाली उभी मरिया, आणि त्याच्या पायापर्यंत तिचा हात पुरत नाही... नऊ कडवी, एवढंच. मी गायकवृंदाचा प्रमुख झालो, कीबोर्ड आणला, टाळ्यांवर म्हणायची हिंदी गाणी आणली. तरुण मंडळी वाढली, तसा मला माझाच अभिमान वाटू लागला. एकदा काकाजींना म्हटलं, "शेवटी पुनरुत्थानाचं एक कडवं जोडा ना. लोक उदास होऊन घरी जातात."

"तिसरा दिवस येते ना बाबू," ते म्हणाले. "पण शुक्रवारी त्या मायले ते कुठं माहीत होतं?"

मला ते अडाणीपणाचं वाटलं. गेल्या गुड फ्रायडेला उपासना लांबली, तेव्हा तिसऱ्या कडव्यानंतर मी हळूच त्यांचा माइक बंद केला आणि कीबोर्डवर पुढचं गाणं सुरू केलं. सगळे माझ्यामागे गाऊ लागले. काकाजींचे ओठ मात्र हलतच होते. नऊही कडवी संपवून ते खाली उतरले, मला 'जय मसीह' म्हणाले आणि बस गाठायला निघून गेले. त्यांना कळलं नसेल, असं मी स्वतःला समजावलं.

दफनाला मी दुसरंच गाणं म्हटलं. दोन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"काकू, त्या शुक्रवारी माइक मीच बंद केला होता."

"माहीत आहे. त्यायनं घरी येऊन सांगतलं होतं."

"रागावले असतील..."

"नाही. म्हणे, बाबूले घाई होती."

काकू सुपातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचा पोरगा विजेच्या खांबावर चढला होता कामाले. तिथंच तारेले अडकून गेला. त्याले उतरवेपर्यंत मी खाली उभी होती. त्या गाण्यातली माय मीच आहो."

पंधरा वर्षांत मी त्यांना मुलंबाळं किती, एवढंही विचारलं नव्हतं.

"मला शिकवाल?" मी कसंबसं म्हटलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि बारीक आवाजात सुरुवात केली. मरियेचा हात वर जातो त्या ओळीला त्या मध्येच थांबल्या.

"विसरलात का?"

"नाही. इथं ते थांबत."

मग आम्ही दोघंही, ते थांबत तेवढा वेळ, गप्प बसून राहिलो.