बॉनेटवरचे अकरा टवके

मीरासाब मुल्लाणी यांनी उद्यमनगरात गाड्या रंगवायला नेमकी कधी सुरुवात केली, याविषयी एकमत नाही. त्यांच्याच शेडमध्ये पत्रा ठोकणारे केरबा लोहार १९५८ साल सांगत. मीरासाबांच्या पत्नी अमीरबी त्याहून दोन वर्षे आधीचे. त्यांच्या कामाच्या रीतीबद्दल मात्र दुमत नव्हते. खडी उडून रंगाचा टवका गेला, की मीरासाब त्या खड्ड्यात लांबीचा लगदा भरीत, तो वाळला की पाणी सोडत पॉलिश पेपरने घाशीत आणि केवळ नजरेने रंग जुळवून बारीक ब्रशने थेंब सोडीत. शेवटी गाडीभोवती फिरून आपणच भरलेल्या जागा शोधीत. एक जरी सापडली तरी ती खरवडून पुन्हा भरायची. एकही सापडली नाही, तरच किल्ली मालकाच्या हाती.

१९७७च्या उन्हाळ्यात निपाणीचे तंबाखूचे व्यापारी चनबसाप्पा आपली फिकट निळी फियाट घेऊन आले. कागलजवळ रस्त्यावर नवी खडी पसरली होती. बॉनेटवर अकरा टवके उडाले होते. तिसऱ्या दिवशी मीरासाब गाडीभोवती फिरले. एकही जागा सापडेना. पहिल्याच फेरीत असे सहसा होत नसे. ते सुखावले.

"घ्या अण्णा, आता तुमीच हुडकून दावा."

चनबसाप्पा हसत वाकले आणि एकेका जागी बोट ठेवत गेले. "हा एक. हा दुसरा. हा बघा तिसरा. चेष्टा करताय व्हय, मीरासाब? गाडीला देवी आल्यागत दिसतंय की!"

मीरासाबांनी केरबांकडे पाहिले. केरबा हातोडी तशीच धरून म्हणाले, "हिरवट दिसत्यात."

"तुला कवा दिसलं?"

"कालच."

"मग तोंड शिवलंतं व्हय?"

"तुमच्या रंगाला मी नाव ठिवू? आजवर कुणी ठिवलंय?"

मीरासाबांनी डोळे मिटून बॉनेटवरून बोट फिरवले. कुठेही काठ लागला नाही. डोळे उघडले, समोर एकसलग निळे होते.

"ऱ्हाऊ द्या," चनबसाप्पांचा आवाज उतरला. "लांबनं कळत न्हाई."

"तुमाला कळलं न्हवं, अण्णा? गाडी ठिवून जावा. सगळं बॉनेट दुसऱ्याकडनं रंगवून देतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यामागची नस सुकत चालल्याचे सांगितले. आता रंग पूर्ववत दिसणार नाहीत. थिनरच्या वाफेने की वयाने, याचा उल्लेख त्यांच्या चिठ्ठीत नाही. अमीरबींनी दोनदा विचारले, तेव्हा मीरासाब "चष्मा लागंल" एवढेच म्हणाले.

बॉनेट पार पत्र्यापर्यंत त्यांनीच घासून काढले. त्या कामाला रंगाची पारख लागत नव्हती. मग शाहूपुरीहून आलेल्या कृष्णात नावाच्या रंगाऱ्याने निळा कालवला आणि डबा अदबीने त्यांच्यापुढे धरला.

"चाचा, जुळला का, बघा की."

मीरासाब डब्यात बराच वेळ पाहत राहिले.

"केरबाला इचार," ते म्हणाले.