मांडी आणि खुर्ची

जुन्या गॅरेजात रिकामे डबे साचतात, तसे म्हाताऱ्या ड्रायव्हरांकडे किस्से साचतात. छावणीतल्या चहाच्या टपरीजवळ आम्ही तिघं सकाळी उन्हाला बसतो. सलीमभाई, काशिनाथ आणि मी. पूर्वी घाटांचे, टायरांचे किस्से असायचे. या हिवाळ्यात एकच विषय. नातवंडांची गाडीतली खुर्ची!

*

सलीमभाईच्या लेकीनं खुर्ची आणली. यानं ती गाडीच्या मागच्या सीटवर, समोर तोंड करून बसवली. लेकीनं काढली आणि उलटी लावली.

"अब्बा, लहान लेकरू मागं तोंड करूनच बसवायचं. ब्रेक लागला तर मानेला झटका बसत नाय."

सलीमभाई तापला. "चालीस साल सवारी को सामने मुंह करके बिठाया मैंने!"

आठ दिवसांनी टपरीवर हसत आला. "उस्ताद, उलटीच बरी. मैं बाजू में बैठता. बच्ची पूरे रास्ते मेराच मुंह देखती!"

मी चहा अर्धा टाकून उठलो.

*

काशिनाथनं नातवाला थंडी वाजू नये म्हणून दोन स्वेटर, कानटोपी, वरून शाल गुंडाळली. गाडीत हिटर चालू. गारखेड्यापर्यंत पोरगं लालबुंद होऊन किंचाळायला लागलं. गाडी थांबवली. सून एकेक कपडा काढत गेली, काढतच गेली.

शेवटी म्हणाली, "मामंजी, आत पोरगं हाय का नुसती लोकर?"

आम्ही लई हसलो. पण हसताना मला एकच दिसत होतं. त्याला गुंडाळायला तरी देतात!

*

आमची खुर्ची व्याह्यांनी आणली. पुण्याहून. मोठे साहेब होते ते. माझं शिक्षण चौथी.

नातवाच्या जावळाला निघालो. मी मागं बसलो, मांडी पसरली. "आण इकडं."

मुलगा म्हणाला, "आबा, मांडीवर नाय. खुर्चीत."

चाळीस वर्षं ट्रक चालवला. माझ्या हातून कधी काही पडलं नाही. तसं बोललो.

सून हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही सोडणार नाही. पण जोरात ब्रेक लागला की कुणाचेही हात सुटतात."

खरं होतं. रस्त्यावर मी ते पाहिलं आहे. म्हणून तर जास्त राग आला. पुढच्या सीटवर व्याही गालात हसत होते.

मी उतरलो. रिक्षानं गेलो. त्यांच्या आधी पोहोचलो!

*

सलीमभाईनं विचारलं, "उस्ताद, कुर्सी से जलते क्या?"

"खुर्चीवर कोण जळतं? व्याह्यावर जळतो."

*

परवा नातवाला डोस द्यायला दवाखान्यात न्यायचं होतं. सकाळी कडाक्याची थंडी. व्याही आलेलेच होते. त्यांनी अस्वलासारखा जाड कोट आणला होता. कोटासकट नातू खुर्चीत, वरून पट्टा.

ट्रकवरचा दोर तपासायची जुनी सवय. मी पट्ट्याला हात लावला. "ढिला हाय."

"घट्ट आहे, आबा," व्याही म्हणाले. "खुर्चीबरोबरचं पुस्तक मी स्वतः वाचलंय."

"मी नाय वाचलं. पण कापसाच्या गोण्यांवर दोर आवळलेत. दचका बसला की कापूस दबतो, दोर लोंबतो."

मी सुनेला म्हणालो, "कोट काढ. पट्ट्याची लांबी तेवढीच ठेव. परत लाव."

तिनं लावला. पट्ट्याखालून माझा अख्खा पंजा आरपार गेला.

सुनेचा चेहरा उतरला. मुलानं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि व्याह्यांना म्हणाला, "बाबा, हेच लिहिलंय इथं. जाड कोट घालू नये."

मी पातळ स्वेटरावर पट्टा आवळला. चिमटीत येईना, इतका. मग आमच्या हिनं जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं पट्ट्यावरून पांघरलं. तोंड मोकळं ठेवलं.

मी पुढं बसायला निघालो, तशी सून म्हणाली, "आबा, तुम्ही मागं बसा. त्याच्याजवळ."

व्याही पुढं बसले. पुढून उलट्या खुर्चीची नुसती पाठ दिसते.

क्रांती चौकात त्यांनी मान वळवली. "झोपला का?"

माझं बोट नातवाच्या मुठीत होतं.

पुढच्या सिग्नलला परत. "हसतोय का हो?"

"समोर बघा," मी म्हणालो.

दवाखाना आला. व्याही उतरले, कोटाची घडी काखेत धरली आणि मुलाला म्हणाले, "परतताना मी रिक्षानं येतो."